घडीच्या चाकूचे ठरावीक ब्रँड दुकानातून का नाहीसे होतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालन्याच्या नव्या मोंढ्याजवळ शेतीची अवजारे आणि हार्डवेअर विकणारे आमचे दुकान आहे आणि घडीचे चाकू आम्ही वडिलांच्या काळापासून ठेवत आलो आहोत. मोसंबीचे डोळे भरणारे (कलम करणारे) कारागीर, ठिबकच्या नळ्या जोडणारे शेतकरी, मोटार वाइंडिंग करणारे, पोत्यांची सुतळी कापणारे हमाल आणि प्रवासात फळ चिरण्यासाठी एखादा छोटा चाकू जवळ बाळगणारे नोकरदार, असे आमचे गिऱ्हाईक आहे. "मालक, मागल्या साली नेला होता तसलाच द्या," असे म्हणत कोणी येतो आणि तो ब्रँड आता आम्ही ठेवत नाही, असे त्याला सांगावे लागते. अशा वेळी गर्दीत दोन मिनिटांत जे नीट सांगता येत नाही, ते येथे सविस्तर लिहिले आहे.

माझा नेहमीचा ब्रँड तुम्ही बंद केला. त्या चाकूत काही दोष निघाला का?

बहुतेक वेळा नाही. चाकू वाईट निघाला म्हणून ब्रँड काढण्याची वेळ आमच्यावर क्वचित आली. चाकूच्या मागची साखळी तुटली म्हणून काढण्याची वेळ मात्र वारंवार आली. साखळी म्हणजे माल तयार करणारा किंवा आयात करणारा, त्याचा वितरक, पक्के बिल, पाकिटावरचा मजकूर, खराब नग बदलून देण्याची तयारी आणि सुटे भाग. यांतला एक दुवा निखळला की तो चाकू काउंटरवर ठेवणे आम्हाला पटत नाही, कारण गिऱ्हाईक वस्तूबरोबर आमचा शब्दही घेऊन जात असते आणि तो पाळता येणार नाही हे ठाऊक असताना देणे योग्य नव्हे.

दुसरे कारण पैशाचे आहे आणि तेही उघडपणे सांगितले पाहिजे. समजा, एखादा चाकू दुकानदाराला दीड हजार रुपयांना पडतो आणि वितरक एका वेळी किमान २४ नग घ्यायला लावतो. म्हणजे ३६,००० रुपये एका खणात जाऊन बसले. आमच्या गावात त्या किमतीचे चाकू वर्षाला आठच जाणार असतील, तर शेवटचा नग विकायला तीन वर्षे लागतात, आणि तेवढ्या काळात कंपनी मॉडेल बदलते, पाकिटाचा रंग उडतो, मुठीवर धूळ बसते आणि नवा माल आला की जुना माल कोणी हातात धरत नाही. याउलट शंभर-सव्वाशे रुपयांचा साधा कलमाचा चाकू हंगामात डझनांनी जातो. हा हिशेब करताना चांगल्या चाकूवर अन्याय होतो, हे आम्ही मान्य करतो. पण उसनवारी करून शोकेस सजवणारी दुकाने फार काळ टिकत नाहीत.

"वितरक बदलला" हे कारण नेहमी ऐकायला मिळते. त्याचा नेमका अर्थ काय?

परदेशी ब्रँडचा माल थेट जालन्याला येत नाही. मुंबई किंवा दिल्लीचा आयातदार तो मागवतो, त्याच्याकडून पुण्याचा किंवा छत्रपती संभाजीनगरचा वितरक उचलतो आणि त्याच्याकडून तो आमच्याकडे येतो. आयातदाराचा कंपनीशी असलेला करार संपला आणि दुसऱ्याला मिळाला की माल तोच राहतो, पण जबाबदारी घेणारा बदलतो. नव्या वितरकाकडे जुन्या मालाची तक्रार नेली, तर "तो माल आमच्याकडून गेलेला नाही" असे उत्तर मिळते. हे उत्तर व्यवहाराच्या दृष्टीने चुकीचेही नसते, आणि जुना वितरक तर व्यवहारातून बाहेरच पडलेला असतो. मध्ये अडकतात ते गिऱ्हाईक आणि दुकानदार. म्हणून नवा वितरक जुन्या नगांची तक्रार स्वीकारणार की नाही, हे लेखी मिळेपर्यंत आम्ही तो ब्रँड थांबवून ठेवतो. कधी कधी हे थांबणे कायमचे ठरते.

कायद्याने घडीचा चाकू विकण्यास बंदी आहे का? त्यामुळे ब्रँड काढता का?

साध्या घडीच्या चाकूवर सरसकट बंदी नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम, २०१६ यांत धारदार शस्त्रांच्या वर्गात तलवारी, खंजीर, भाले आदींबरोबर ज्यांचे पाते ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद आहे असे चाकू येतात, आणि घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली साधने त्यातून वगळलेली आहेत. नऊ इंच म्हणजे जवळजवळ २३ सेंटिमीटर. खिशात मावणाऱ्या चाकूचे पाते त्याच्या निम्म्यालाही सहसा पोहोचत नाही. फ्रेंच ओपिनेलच्या सर्वांत प्रसिद्ध ८ क्रमांकाच्या चाकूचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे असते.

तरीही कायद्याचा संबंध येतोच, तो तीन ठिकाणी.

पहिले ठिकाण म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली निघणारे मनाई आदेश. सणवार, मोर्चे, निवडणुका अशा काळात जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त साधारणपणे १५ दिवसांसाठी असे आदेश काढतात आणि त्या काळात सार्वजनिक ठिकाणी सुरे, काठ्या, शस्त्रे किंवा इजा करण्यासाठी वापरता येतील अशा वस्तू जवळ बाळगण्यास मनाई असते. आदेश बाळगण्याविषयी असतो, तरी त्या पंधरा दिवसांत आम्ही चाकू शोकेसमधून आत ठेवतो आणि ओळखीच्या कारागिराला देतानाही कागदात गुंडाळून, पिशवीत तळाशी ठेवून सरळ घरी नेण्यास सांगतो.

दुसरे ठिकाण दुसऱ्या राज्यांचे नियम. दिल्ली प्रशासनाने १९८० मध्ये अधिसूचना काढून ७.६२ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद पात्याचे खटक्याचे, गरारीचे (दात्यांवर अडकत उघडणारे) आणि बटनाचे चाकू परवान्याच्या कक्षेत आणले. हा नियम जालन्यात लागू नाही, हे खरे. पण माल दिल्लीहून येत असेल, तर तिथला घाऊक व्यापारी त्या प्रकारचा चाकू यादीतून काढतो आणि त्याबरोबर त्या ब्रँडचे निरुपद्रवी नमुनेही येईनासे होतात, कारण चार नमुन्यांसाठी वेगळी पेटी कोणी पाठवत नाही.

तिसरे ठिकाण आमच्या भागातल्या आठवणींचे आहे. मे २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत दंगल झाली आणि त्यानंतर काही दिवसांतच ऑनलाइन मागवलेल्या तलवारी, चाकू आणि सुरे यांचा साठा पोलिसांनी जप्त केला. त्या बातमीनंतर मराठवाड्यातील अनेक दुकानदारांनी, ज्यांचा त्या प्रकाराशी काडीचाही संबंध नव्हता त्यांनीही, घडीचे चाकू ठेवणेच सोडून दिले. आम्ही सोडले नाही, पण यादी कापली: ज्या ब्रँडच्या पाकिटावर कवट्या, रक्ताचे थेंब, मुखवटे घातलेली माणसे अशी चित्रे असतात ते सगळे काढले. त्यांतील काही चाकू कामाला उत्तम होते. तरी जी वस्तू हाणामारीचे साधन म्हणून विकली जाते, ती मोसंबीच्या कलमाच्या चाकूशेजारी ठेवायची नाही, हा आमचा निर्णय आहे आणि त्यात बदल होणार नाही.

(नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या परिसरात दुकानांतून कृपाणे उघडपणे विकली जातात, मग तुम्हाला कसली भीती, असेही काही जण विचारतात. कृपाण धारण करणे हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग असल्याचे राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे. त्या विषयाची तुलना खिशातल्या चाकूशी करू नये.)

काही चाकूंच्या पाकिटावर किंमत आणि पत्ता नसतो. ते स्वस्त असतात, मग तुम्ही का ठेवत नाही?

वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार आयात केलेल्या वस्तूच्या पाकिटावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, वस्तूचे नाव, नगसंख्या, महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. हा मजकूर नसलेला माल तपासणीत सापडला, तर तो विकणारा दुकानदारही कारवाईतून सुटत नाही.

याहून गंभीर गोष्ट ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये आहे. वस्तूच्या दोषामुळे इजा झाली आणि उत्पादक कोण हेच कळत नसेल, किंवा त्याच्यापर्यंत नोटीस पोहोचवता येत नसेल, तर भरपाईची जबाबदारी कलम ८६ खाली विक्रेत्यावर येऊ शकते. चाकू ही वस्तूच अशी आहे की तिच्या दोषाची किंमत हाताच्या बोटांनी मोजावी लागते. निनावी चाकूमागे सुटणारे वीस रुपये त्यासाठी पुरेसे नाहीत.

लॉक असलेले बरेच ब्रँड तुमच्याकडे दिसत नाहीत. कारण काय?

लॉक म्हणजे उघडलेले पाते वापरताना मिटू न देणारी अडकण. या प्रश्नाचे उत्तर थोडे मोठे आहे, कारण येथे आमच्याच दुकानातून गेलेल्या चाकूने एका माणसाला जखम झाली आहे.

सुमारे दहा वर्षांपूर्वी एका ब्रँडचे चाकू आम्ही दोन डझन घेतले. नाव येथे देत नाही, कारण मुद्दा त्या नावाचा नाही. मूठ हातात छान बसायची, पाते चकचकीत, उघडल्यावर खट् असा आवाज यायचा. घनसावंगीकडचा एक कारागीर तो घेऊन गेला. ठिबकच्या १६ मिलिमीटरच्या नळीत चाकूचे टोक रुतवून तो छेद देत असताना पात्यावर उलटा दाब आला, लॉक सुटले आणि पाते त्याच्या तर्जनीवर मिटले. चार टाके पडले. तो भांडायला आला नाही, बोटाला पट्टी बांधून चाकू परत द्यायला आला आणि म्हणाला, "दुसऱ्या कुणाला देऊ नका, भाऊ."

त्या संध्याकाळी दुकान बंद केल्यावर उरलेले ११ नग आम्ही काउंटरवर मांडले. प्रत्येक चाकू उघडून, बोटे वाटेतून बाजूला ठेवून, पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच दाबून पाहिली. तीन चाकू मिटले. या प्रकारच्या लॉकमध्ये मुठीच्या आत एक पातळ धातूची पट्टी असते आणि पाते पूर्ण उघडले की ती सरकून पात्याच्या बुडाशी टेकते. भिंगातून पाहिल्यावर दिसले की त्या तीन नगांत पट्टी बुडाच्या मध्यावर न येता नखाच्या कडेइतक्याच भागावर टेकत होती. घाऊक व्यापाऱ्याने माल परत घेतला नाही, पत्राला उत्तरही दिले नाही. आम्ही सगळे नग शिकंज्यात धरून पाती मोडली आणि भंगारात घातली. ज्यांना आधी विकले होते त्यांपैकी जे ओळखीचे होते, त्यांना बोलावून पैसे परत केले.

तेव्हापासून नियम असा आहे की लॉकचा चाकू पेटीतला प्रत्येक नग तपासल्याशिवाय काउंटरवर येत नाही, आणि ज्या ब्रँडचे बारांपैकी दोन नग या चाचणीत नापास होतात तो ब्रँड जातो. सगळी लॉक वाईट असतात, असा याचा अर्थ नाही. ओपिनेलचे फिरणारे कडे १९५५ पासून चालत आले आहे, इतके साधे की त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही. अमेरिकेच्या बक कंपनीच्या ११० क्रमांकाच्या चाकूत पाठीमागचे लॉक १९६४ पासून आहे आणि जगभर त्याचे अनुकरण झाले. स्विस चाकूंच्या नेहमीच्या छोट्या नमुन्यांत तर लॉकच नसते, पाते फक्त स्प्रिंगच्या जोरावर उघडे राहते, आणि वापरणाऱ्याला ते माहीत असल्यामुळे तो उलटा दाब देत नाही. अर्धवट लॉक हे लॉक नसण्यापेक्षा अधिक धोक्याचे, कारण हात त्याच्या भरवशावर राहतो.

भारी स्टीलचा एक ब्रँड तुम्ही काढला. त्याची धार तर महिनोन्‌महिने टिकत होती. असे का केले?

धार टिकत होती हे खरे आहे. ती गेल्यावर परत लावणारा मात्र आमच्या भागात कोणी नव्हता.

स्टीलची कठीणता रॉकवेल या मापात मोजतात. स्विस कंपनी व्हिक्टोरिनॉक्सच्या खिशातल्या चाकूचे पाते साधारण ५५ ते ५६ असते. हल्ली मध्यम किमतीच्या अनेक चाकूंत डी-२ नावाचे स्टील येते, ज्यात सुमारे दीड टक्का कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असते आणि पाते ६० च्या आसपास कठीण केलेले असते. पाच अंकांचा हा फरक कागदावर लहान दिसतो, पण घरच्या दगडावर पहिले पाते दहा मिनिटांत धारेवर येते, तर दुसरे अर्धा तास घासूनही दाद देत नाही. मग माणूस काय करतो? सायकलवर चाक बांधून गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडे, किंवा वेल्डिंगच्या दुकानातल्या ग्राइंडरवर चाकू घेऊन जातो. ठिणग्या उडतात, पाते तापते आणि धारेच्या कडेला निळसर झाक येते. ती झाक दिसली की समजावे, तिथे पाते सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले आहे. साध्या स्टीलचे पाणी अशा उष्णतेने उतरते आणि ती कड मऊ पडते. डी-२ उष्णता थोडी अधिक सोसते, पण ग्राइंडरच्या चाकाखालची अगदी बारीक धार किती तापली हे डोळ्यांना कळतही नाही. एवढे झाल्यावर तो गिऱ्हाईक आमच्याकडे येऊन म्हणतो, "दोन हजाराचा चाकू अन् लोण्यात चालंना."

त्याचे खोटे नसते आणि कंपनीचीही चूक नसते. हिऱ्याची भुकटी बसवलेली पट्टी वापरली असती, तर तोच चाकू आयुष्यभर चालला असता. आम्ही वर्षभर चाकूबरोबर ती पट्टी घेण्याचा आग्रह धरून पाहिला. चाकूवर खर्च केल्यानंतर पट्टीसाठी आणखी पाचशे रुपये घालायला फार थोडे तयार झाले. शेवटी तो ब्रँड काढला. जालना स्टीलच्या उद्योगासाठी ओळखले जाते, म्हणून इथे कठीण पात्याला धार लावणारे सहज मिळतील, असे बाहेरच्यांना वाटते. पण इथे तयार होते ती बांधकामाची सळई. तिच्यात कार्बन मुद्दाम कमी ठेवलेला असतो, म्हणजे ती वाकवता येते. पात्याचे स्टील हा निराळा विषय आहे.

कार्बन स्टीलचे चाकू मोसंबीवाल्यांसाठी का ठेवत नाही?

ठेवतो, पण फक्त कलमासाठी. रंगपूर लिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरताना सालीत इंग्रजी टी अक्षरासारखा छेद द्यावा लागतो आणि साल न फाटता उचलावी लागते. त्यासाठी लागणारी बारीक धार साध्या कार्बन स्टीलवर पटकन येते. कारागीर पाते दर थोड्या वेळाने पुसतो आणि संध्याकाळी तेलाचा हात फिरवतो, म्हणून ते टिकते.

फळ चिरण्यासाठी नेणारे मात्र पाते पुसत नाहीत. मोसंबी, लिंबू, कैरी यांच्या आंबट रसाने कार्बन स्टील काही मिनिटांत काळपट पडते. हा डाग अपायकारक नाही, उलट जुन्या पात्यावरची ती करडी छटा गंजाला थोडी आवरते, पण खणात ठेवलेला ओला चाकू पावसाळ्यात सकाळपर्यंत तांबूस होतो. गंजलेले म्हणून परत आलेले नग एवढे झाले की फळांसाठीचा कार्बन स्टीलचा नमुना आम्ही बंद केला. त्याच ब्रँडचा स्टेनलेस नमुना अजूनही आहे.

वेंगरचा स्विस चाकू आता कुठेच का मिळत नाही?

कारण त्या नावाने चाकू बनणेच थांबले. स्वित्झर्लंडच्या सैन्याला चाकू पुरवणाऱ्या दोन कंपन्या होत्या, श्विझ प्रांतातील इबाख गावची व्हिक्टोरिनॉक्स आणि ज्युरा भागातील डेलेमाँची वेंगर. व्हिक्टोरिनॉक्सने २००५ मध्ये वेंगर विकत घेतली आणि २०१३ मध्ये वेंगरचे चाकू आपल्याच नावाखाली आणण्याचे जाहीर केले. वेंगर हे नाव घड्याळे आणि बॅगांवर राहिले. वेंगरची ८५ मिलिमीटरची, हाताला वळणदार लागणारी घडण व्हिक्टोरिनॉक्सच्या नावाने पुढे चालू राहिली, त्यामुळे ज्यांना तो आकार हवा आहे त्यांनी नाव न पाहता लांबी पाहून मागावे.

याच्या उलटा प्रकारही घडतो: नाव राहते आणि कारखाना जातो. अमेरिकेतील इम्पीरियल श्रेडचा कारखाना २००४ मध्ये बंद पडला, नावे दुसऱ्या कंपनीने घेतली आणि त्यानंतर त्या नावाचे चाकू चीनमध्ये बनू लागले. कॅमिलस २००७ मध्ये बंद झाली आणि तिचेही नाव विकले गेले. चीनमध्ये बनलेला चाकू वाईटच असतो असे मुळीच नाही. आज तिथे उत्तम चाकू बनतात. पण वडिलांनी वापरलेल्या चाकूच्या नावावर विसंबून कोणी खरेदी करत असेल, तर हा तोच कारखाना नव्हे हे त्याला विक्रीपूर्वी कळायला हवे, आणि जुन्या कंपनीने दिलेली हमी नावाच्या नव्या मालकावर आपोआप येत नाही हेही.

ऑनलाइन तोच चाकू तुमच्यापेक्षा स्वस्त मिळतो. त्यामुळे ब्रँड बंद होतात का?

होय, आणि हे कारण वाढत चालले आहे. काही वेळा ऑनलाइन विक्रीची किंमत आमच्या खरेदीच्या किमतीहून खाली असते. गिऱ्हाईक दुकानात येऊन चाकू हाताळते, लॉक उघडून पाहते, धारेविषयी विचारते आणि मोबाइलवर मागवते. त्याला दोष देता येत नाही. पैसे त्याच्या घामाचे आहेत. पण असे वर्षभर झाले की तो खण रिकामा करण्यावाचून दुकानदारापुढे मार्ग राहत नाही.

कंपनीने सगळ्यांना एकच किमान किंमत का बांधून देऊ नये, असे काही दुकानदार म्हणतात. परदेशात काही चाकू कंपन्या जाहिरातीतील किमान किंमत ठरवून देतात आणि ती मोडणाऱ्या दुकानाला माल देणे थांबवतात; तिकडे ब्रँड दिसेनासा होण्याचे ते एक ठळक कारण आहे. आपल्याकडे पुनर्विक्रीची किंमत बांधण्यामुळे स्पर्धेला बाधा येत असेल, तर स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ खाली ते अडचणीत येते. वाहनांवरील सवलतींना मर्यादा घातल्याच्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. त्यामुळे या मागणीला आमचा पाठिंबा नाही. ऑनलाइन विक्रेत्याचे बिल आणि आयातदाराचे नाव खरे असेल, तर तिथून घ्या, असे आम्ही स्वतःहून सांगतो.

करानेही भर घातली. चाकूंवरील जीएसटी १८ जुलै २०२२ पासून १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, म्हणजे हजार रुपयांच्या मूळ किमतीवर ६० रुपये वाढले. पक्क्या बिलाने विकणाऱ्याला ते घ्यावेच लागतात. कच्च्या चिठ्ठीवर विकणाऱ्याला ते घ्यावे लागत नाहीत, आणि काही ब्रँड आमच्याकडून त्याच्याकडे गेले ते यामुळेच.

नकली मालामुळे खरा ब्रँड काढावा लागतो का?

लागतो. लाल मुठीवर पांढऱ्या क्रॉससारखे चिन्ह असलेले चाकू बाजारात दोनशे रुपयांना मिळतात. असली चाकू शेजारच्या खणात ठेवला, की "पलीकडं दोनशेला आहे" हे ऐकावे लागते. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे पात्याच्या बुडाशी कंपनीचे नाव कोरलेले आहे का ते पाहणे आणि कात्री उघडमिट करणे; नकली कात्री कागद कापताना चावते. खोटे व्यापारचिन्ह असलेला माल जाणूनबुजून विकल्यास व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

परदेशातही दुकानदार चाकू ठेवणे बंद करत आहेत, हे खरे आहे का?

काही देशांत खरे आहे. ब्रिटनमध्ये लहान घडीच्या चाकूंसारखे थोडे अपवाद सोडले, तर १८ वर्षांखालील व्यक्तीला चाकू विकता येत नाही, आणि सबळ कारणाशिवाय फक्त लॉक नसलेला, तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकूच जवळ बाळगता येतो. अशा ठिकाणी ज्या ब्रँडचे बहुतेक नमुने लॉकचे आहेत, त्याला साध्या दुकानात जागा मिळत नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानात चाकू नेण्यावर बंदी आल्याने विमानतळांवरील दुकानांनीही स्विस चाकू काढले. मे २०२४ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने पाते नसलेल्या बहुउपयोगी साधनावर काम चालू असल्याचे सांगितले, ते याच परिस्थितीमुळे.

लहान मुलांना चाकू देता का?

नाही. अठरा वर्षांखालील कोणालाही, घरच्यांनी पाठवले असे सांगितले तरी, देत नाही.

तुम्ही काढलेल्या ब्रँडचा चाकू माझ्याकडे आहे. आता दुरुस्तीचे काय?

आणा. बिल असेल तर बिलासह आणा, कारण त्यावर त्या वेळच्या आयातदाराचा माग लागतो. व्हिक्टोरिनॉक्स साहित्य व कारागिरीतील दोषांसाठी आयुष्यभराची आणि बहुउपयोगी साधने बनवणारी लेदरमन कंपनी २५ वर्षांची हमी देते. दुकानाने ब्रँड ठेवणे थांबवले, म्हणून कंपनीची हमी संपत नाही. गैरवापराने मोडलेले पाते मात्र कोणत्याही हमीत बसत नाही; डबा उघडण्यासाठी किंवा पेचकस म्हणून पाते वापरल्याच्या खुणा लगेच दिसतात.

सैल झालेला स्क्रू घट्ट करणे, सांध्यातली माती काढणे, तेलाचा थेंब सोडणे आणि मऊ स्टीलला धार लावणे आम्ही दुकानात करतो, चाकू कोणाकडून घेतला हे न विचारता. लाकडी मुठीचा चाकू पावसाळ्यात उघडत नसेल, तर जोर लावू नका. लाकडाने ओल धरून पाते आवळलेले असते. दोन दिवस कोरड्या, सावलीच्या जागी ठेवला की तो मोकळा होतो. उन्हात ठेवला तर मूठ तडकते.

काढलेला ब्रँड पुन्हा आणता का?

आणतो. काउंटरखाली एक वही आहे. नसलेला चाकू कोणी मागितला की त्याचे नाव, गाव, ब्रँड आणि काम कशाचे आहे हे आम्ही तिच्यात लिहून ठेवतो. एकाच चाकूसाठी सहा-सात नावे जमली, की ती घेऊन वितरकाशी बोलता येते आणि तो २४ ऐवजी १२ नग द्यायला तयार होतो. कलमाच्या चाकूचा, साल उचलण्यासाठी पितळी जीभ असलेला एक नमुना अंबड आणि बदनापूरकडच्या आठ कारागिरांची नावे जमल्यावर याच रीतीने परत आला. बंद झालेला ब्रँड हवा असेल, तर विचारून परत जाऊ नका, वहीत नाव लिहून जा.